वास येत नाही म्हणजे बाटली स्वच्छ?

समज असा: "बाटलीत पाणीच तर असतं. वास येत नाही तोवर नुसती विसळली की झालं."

यातलं अर्धंच खरं आहे. कुबट वास येतो तो बहुतेकदा जिवाणूंनी हवेत सोडलेल्या रसायनांचा. पण आपलं नाक सगळ्या रसायनांना सारखं ओळखत नाही. मातकट वासाचं जिओस्मिन लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. अमोनिया मात्र त्याच्या कितीतरी पट लागतो. त्यामुळे वास नसला तरी जिवाणू असू शकतात.

शिवाय ते सगळे सुटे तरंगत नाहीत. पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट थर बांधतात, तोच बायोफिल्म. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं. प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या वेगळ्या खळग्यांत जिवाणू वाढवले, मध्ये फक्त हवा. तरी एका खळग्यातून उडालेल्या अमोनियामुळे शेजारचे जिवाणू थर बांधू लागले! बॅसिलस सबटिलिस नावाचा जिवाणू सोडतो त्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेनेही हेच घडतं. काही जिवाणूंची रसायनं उलट दुसऱ्यांचा थर रोखतात.

पडताळा सोपा आहे. झाकणातली रबरी रिंग काढा, खाचेत आणि बाटलीच्या तोंडाशी आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर थर आहे. असा प्रत्येक थर आजारी पाडतोच असं नाही, घाबरू नका. साबण लावून ब्रशने घासा, रिंग वेगळी धुवा आणि झाकण उघडं ठेवून बाटली पूर्ण वाळू द्या.