ऊन आपलं, गच्ची आपली, मग जर्मनीचं काय काम?

गेल्या मार्चची गोष्ट. आमच्या मामांच्या गच्चीवर सोलर बसत होतं. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे घर, खाली चार यंत्रमाग, वर राहायचं, जिना इतका अरुंद की पॅनल तिरकं करून कसंबसं वर गेलं आणि वळणावर एका पोराचं बोट चेंगरलं. मामा सावलीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते आणि पेपरात बातमी होती की सौर प्रकल्पांना परदेशी बँकेचं कर्ज वगैरे. मला म्हणाले, "का बे, ऊन आपलं, गच्ची आपली, पैसे आपण भरायचे, मग ह्यात त्या जर्मनीचं काय काम?"

मी तेव्हा उडवाउडवीचं काहीतरी सांगितलं, चहा आला, विषय गेला. पण प्रश्न डोक्यात राहिला कारण तो खरंच भारी प्रश्न आहे. रात्री वहीत आकडे मांडत बसलो तेव्हा कळलं की उत्तर पॅनलमध्ये नाहीच, हप्त्यात आहे.

बघा. मामांचं सोलर ३ किलोवॅटचं, घरापुरतं, मागाचं मीटर वेगळं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची ७८ हजार सबसिडी वजा जाऊन डोक्यावर १ लाख २० हजार राहतात असं धरू. सोलापुरात १ किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे ३ किलोवॅटचे महिन्याला ३६० युनिट. आता हे पैसे १० वर्षांत फेडायचे. व्याज ६ टक्के असेल तर हप्ता १३३२ रुपये, म्हणजे युनिट पडलं ३ रुपये ७० पैशाला. व्याज १२ टक्के असेल तर हप्ता १७२२, युनिट ४ रुपये ७८ पैशाला. आणि कुणी बिनव्याजी दिले, सासऱ्याने म्हणा, तर २ रुपये ७८ पैसे. पॅनल तेच, गच्ची तीच, ऊन तेच, आणि युनिटमागे २ रुपयांचा फरक नुसत्या व्याजाने.

(जाता जाता, सोलापूरला ऊन लय म्हणून सोलर लय चालणार असं सगळ्यांना वाटतं, ते अर्धंच खरं. पॅनलला उजेड पाहिजे, गरमी नको. २५ अंशाच्या वर पॅनल जेवढं तापेल तेवढी दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात हवा ४३ वर असताना काळं पॅनल ६५ ला सहज पोचतं, म्हणजे ४० अंश जास्त, म्हणजे १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली. वर आपल्याकडची धूळ.)

कोळशाच्या विजेला व्याजाचा एवढा चटका का बसत नाही? मामांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. कोळशाचं केंद्र म्हणजे माग कर्जावर घेतला आणि सूत रोजच्या रोज विकत आणलं, धंदा बसला तर सूत आणायचं बंद करता येतं. सोलर म्हणजे माग तर घेतलाच पण त्याबरोबर पंचवीस वर्षांचं सूत पण पहिल्याच दिवशी उधारीवर उचललं. पुढे सुताचा भाव वाढला तरी तुम्हाला काही नाही, पण उधारीचं व्याज जर चढं असेल तर टॉवेल महागच पडणार. मामा लगेच म्हणाले, "मग सूतवाला कोण हे महत्त्वाचं."

तेच. सूतवाला कोण.

जर्मनीची केएफडब्ल्यू नावाची सरकारी बँक आहे, तिच्यामागे जर्मन सरकारची हमी असल्यामुळे तिला जगाच्या बाजारात एकदम कमी व्याजाने पैसे मिळतात. गंमत म्हणजे ही बँक १९४८ साली निघाली ती युद्धात उद्ध्वस्त झालेली जर्मनी परत उभी करायला, आणि सुरुवातीचा पैसा अमेरिकेच्या मार्शल योजनेतून आलेला, म्हणजे आज सूत देणारा पण एकेकाळी उधारीवरच उभा राहिलाय. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा, म्हणजे राज्याच्या वीज तयार करणाऱ्या सरकारी कंपनीचा, १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये झाला, त्याला कर्ज ह्याच बँकेचं. तेव्हा सोलर आत्तापेक्षा कितीतरी महाग होतं, आपल्या बाजारातल्या व्याजाने ते गणित बसवणं अवघड होतं.

आता कुणी म्हणेल, मग देश गरीब असला की व्याज जास्त का? ज्याला गरज जास्त त्यालाच महाग? हो, अगदी सावकारासारखंच. देणारा धोका बघतो. वीज विकल्यावर पैसे वेळेवर येणार का, सरकार बदललं की करार फिरणार का, जमीन मिळणार का, लाईन वेळेत येणार का. ह्या सगळ्या "का"चा भाव व्याजात धरला जातो. म्हणून आफ्रिकेत एवढं ऊन असून २००० ते २०२० ह्या वीस वर्षांत जगातल्या अपारंपरिक ऊर्जेच्या गुंतवणुकीतला जेमतेम २ टक्के वाटा तिकडे गेला.

म्हणजे व्याज उतरवायचे दोन रस्ते. एक, स्वस्त पैसा द्या. दोन, धोका कमी करा. मला दुसरा जास्त आवडतो कारण त्यात डोकं लागतं. मध्य प्रदेशात रीवाला ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला, त्याचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये. त्याआधी वर्षभरापूर्वी राजस्थानात ४ रुपये ३४ पैसे युनिट हा भाव विक्रमी स्वस्त समजला गेला होता. रीवाला पहिल्या वर्षाचा भाव निघाला २ रुपये ९७ पैसे. पॅनल स्वस्त होत चालले होते हा भाग आहेच, पण एवढी उडी त्याने येत नाही. तिथे जागतिक बँक आणि तिचीच बहीण, खाजगी कंपन्यांना पैसे देणारी आयएफसी, ह्यांनी बसून कराराची रचना करायला मदत केली, प्रकल्पाच्या आतल्या वीजवाहिन्यांना स्वस्त कर्ज दिलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ग्राहकाने पैसे थकवले तर कोण देणार ह्याची तीन थरांची सोय करारातच घातली, त्यात राज्य सरकारची हमी पण. ग्राहकांत दिल्ली मेट्रो होती, तिने २४ टक्के वीज घेतली. पॅनलवाल्या कंपन्यांना रात्री झोप लागेल अशी कागदं तयार केली म्हणा ना. झोप लागली की व्याज उतरतं.

आपल्या सोलापूरचा ह्यात संबंध काय? आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर ते रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची लाईन जोडली गेली आणि दक्षिण भारताचं ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, उरलेल्या देशाशी एका ठोक्यात आलं, कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच ५० हर्ट्झ. तो शेवटचा टाका आपल्या इथे पडलाय, आणि गावात विचारलं तर शंभरातल्या दोघांना माहीत नसेल, आपल्याला गड्ड्याची जत्रा आणि शेंगाचटणी एवढंच सांगायची सवय. असं मोठं ग्रीड असलं की तमिळनाडूत वारा सुटला तर ती वीज उत्तरेला देता येते आणि इकडे ढग आले तर तिकडून घेता येते. पण पवन आणि सौर वीज जिथे तयार होते तिथून शहरापर्यंत नव्या लाईनी टाकायला लागतात, त्यासाठी २०१५ पासून ग्रीन एनर्जी कॉरिडॉर नावाचं काम चालू झालं, महाराष्ट्रासकट आठ राज्यांत. राज्यांतर्गत लाईनींचा पैसा असा: ४० टक्के केंद्राचं अनुदान, ४० टक्के केएफडब्ल्यूचं कर्ज, २० टक्के राज्याचे. उद्या किती वारा, किती ऊन, किती वीज ह्याचा अंदाज काढणारी केंद्रं उभी करायला जर्मनीच्याच जीआयझेड ह्या संस्थेची तांत्रिक मदत. पेपरात ह्याचे फोटो येत नाहीत कारण अंदाजाचा फोटो कसा काढणार.

शेताकडचं अजून जवळचं आहे. आमचा एक चुलतभाऊ मोहोळकडे, ऊस आणि थोडं डाळिंब, त्याच्या आयुष्यातला मोठा काळ रात्री दोनला मोटार चालू करायला गेलाय, हातात बॅटरी, पायाखाली काय असेल ते असेल. एका डीपीवर, म्हणजे गावाकडच्या ट्रान्सफॉर्मरवर, पंचवीस मोटारी, लांबच लांब लघुदाबाची तार, शेवटच्या माणसाला व्होल्टेजच नाही, मोटार जळणार, मग डीपी जळणार, मग वर्गणी. ह्याचं विज्ञान शाळेतलंच आहे. तेवढीच वीज ४०० ऐवजी ११ हजार व्होल्टने पाठवली की करंट सत्तावीस पट कमी होतो, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याच तारेत तोटा सातशे पटीहून जास्त कमी. म्हणून एचव्हीडीएस म्हणजे ११ हजाराची लाईन थेट बांधापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. महाराष्ट्रातल्या ह्या कामाला आशियाई विकास बँकेने ३४.६ कोटी डॉलर दिले. आणि आता फीडरच, म्हणजे सबस्टेशनवरून शेताकडे जाणारी लाईनच, सौर करायची योजना चालू आहे, सबस्टेशनजवळ छोटे सौर प्रकल्प, जमीन भाड्याने दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, आणि मोटारीला दिवसा वीज. त्याच्याशी जोडलेल्या वीज वितरणाच्या कामाला २०२५ मध्ये त्याच बँकेचे ५० कोटी डॉलर. चुलतभावाला बँकेचं नाव माहीत नाही, त्याला फक्त दिवसा झालं का रात्री झालं तेवढं कळतं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलापण तेवढंच कळलं असतं.

एवढं वाचून वाटेल की परदेशी कर्ज म्हणजे लॉटरी. नाय. इथे एक खड्डा आहे आणि तो मोठा आहे. कर्ज डॉलरमध्ये, वीजबिल रुपयात. २०१० ला डॉलर साधारण ४५ रुपयांचा होता. तेव्हा कुणी १ लाख डॉलर घेतले असते तर हातात आले ४५ लाख. २०२२ ला डॉलर ८० च्या पुढे गेला, मुद्दल फेडायची राहिली असेल तर आता ८० लाख द्या, व्याज वेगळं. कागदावरचं ३ टक्के व्याज असं कुठल्या कुठे जातं. ह्याच्यावर विमा काढतात, त्याला हेजिंग म्हणतात, पण त्याचा खर्च धरला की स्वस्त कर्ज बरंचसं आपल्याच बँकेच्या भावाला येऊन टेकतं. बऱ्याचदा हा धोका आपलं सरकार किंवा सरकारी कंपनी अंगावर घेते, म्हणजे शेवटी आपणच. उलटं पण करता येतं. आयएफसीने २०१४ मध्ये परदेशात रुपयातले बॉण्ड म्हणजे कर्जरोखे काढले, त्याला नाव दिलं मसाला बॉण्ड, त्यात रुपया घसरला तर नुकसान पैसे गुंतवणाऱ्या परदेशी माणसाचं. मला विचाराल तर खरं सहकार्य ते, बाकी सगळं उधारी.

आणि पैशाशिवाय पण एक मदत झालीय, जी कुठल्याच करारात लिहिलेली नव्हती. सिलिकॉनचा कामाचा पहिला सौर सेल १९५४ ला अमेरिकेत बेल लॅबमध्ये झाला. पुढे ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन ह्यांच्या प्रयोगशाळेत सेल सुधारत गेला आणि तिथे शिकलेल्यांनी चीनमध्ये कारखाने काढले. पण माल घेणार कोण? २००० साली जर्मनीने कायदा केला की सौर वीज ग्रीडला दिली तर वीस वर्षं ठरलेला चढा भाव मिळणार, आणि तो भाव भरला तिथल्या साध्या ग्राहकांनी, बिलात वेगळा अधिभार म्हणून, २०२२ पर्यंत. मागणी आली, चीनने कारखाने दणादण वाढवले, आणि २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनलचा भाव साधारण ९० टक्क्यांनी पडला. मामांच्या गच्चीवर जे पॅनल चढलं त्याच्या स्वस्ताईत कुठल्यातरी जर्मन आजीबाईच्या वीजबिलातले चार पैसे आहेत. आता सगळी साखळी चीनच्या हातात गेली, बहुतेक टप्प्यांत ८० टक्क्यांच्या वर, हा नवा घोर.

हवामान बदलावरच्या मोठ्या परिषदांबद्दल थोडक्यात. २००९ ला कोपनहेगनला श्रीमंत देश म्हणाले २०२० पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ, त्यांच्याच हिशोबाने ते जमले २०२२ ला, आणि त्यात बराचसा भाग कर्जच. २०२४ ला बाकूला ३०० अब्जांचा नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंतचा, भारताने तिथल्या तिथे नाराजी नोंदवली. दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडायला २०२१ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरचं पॅकेज जाहीर झालं, त्यात अनुदान ४ टक्क्यांच्या आसपास, आणि २०२५ मध्ये अमेरिका त्यातून बाहेरच पडली. तिथलं कोमाटी नावाचं कोळशाचं केंद्र २०२२ ला बंद झालं, जागतिक बँकेने त्या जागी सौर, पवन आणि बॅटरीसाठी पैसे मंजूर केले, पण बंद आधी झालं आणि नवी कामं मागून, मधल्या काळात आजूबाजूच्या लोकांनी काय खायचं?

हे वाचताना मला आपलं फताटेवाडीचं एनटीपीसीचं कोळशाचं केंद्र आठवतं. १३२० मेगावॅट, पाणी उजनीचं, दुसरा संच तर २०१९ लाच चालू झालाय, म्हणजे वयाने पोरगंच. ते एवढ्यात कुठे जात नाही. देशाची निम्मी स्थापित क्षमता २०२५ मध्ये बिगर जीवाश्म इंधनाची, म्हणजे कोळसा, तेल, गॅस सोडून बाकीची, झाली हे खरं, पण प्रत्यक्ष वीज बघाल तर अजून बहुतेक कोळशाचीच, कारण सोलर संध्याकाळी घरी जातं. मामांचे माग रात्री अकरापर्यंत खडखडत असतात ते ह्याच कोळशावर. त्यासाठी बॅटऱ्या लागणार, आणि बॅटरी म्हणजे परत तेच, सगळे पैसे पहिल्या दिवशी.

मामांनी माझी वही दोनदा वाचली. कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं, बँकेने ६ टक्के सांगितलेले. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून गेले, तीस वर्षांचं खातं आहे, एक हप्ता चुकला नाही वगैरे सगळं ऐकवलं, आणि पाव टक्का कमी करून आले. हप्ता १३३२ चा १३१७ झाला. मी म्हणलं, मामा, महिन्याला १५ रुपये. ते म्हणाले, "१२० हप्ते आहेत, १८०० झाले. पॅनल धुवायचा पाईप त्यातच बसतोय."