कोरीचा गल्ला

कोरी नावाच्या छोट्या मुलीच्या खोलीतून तिचा गल्ला चोरीला जातो. चोर घरातलाच असतो, तिचा मोठा भाऊ मायकल. त्याला गांजासाठी पैसे हवे असतात. खोलीतल्या वस्तूंनी मात्र ही चोरी पाहिलेली असते. कॉमिकच्या पानांतून स्मर्फ बाहेर पडतात, टेबलावरच्या दिव्यातला गारफील्ड जागा होतो, रेकॉर्डच्या वेष्टनावरून ॲल्विन आणि त्याचे भाऊ खाली उतरतात, विनी द पू उठून बसतो. मग सगळे मिळून चोराच्या मागावर निघतात.

‘कार्टून ऑल-स्टार्स टू द रेस्क्यू’ या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाची ही सुरुवात. २१ एप्रिल १९९० रोजी, शनिवारी सकाळी, अमेरिकेतल्या एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स या चारही मोठ्या वाहिन्यांनी तो एकाच दिवशी दाखवला. एरवी यातल्या पहिल्या तीन वाहिन्या शनिवारच्या सकाळी मुलांच्या प्रेक्षकवर्गासाठी एकमेकींशी झुंजायच्या. डिस्नेचे ह्युई-ड्युई-लुई आणि वॉर्नर ब्रदर्सचा बग्ज बनी एका पडद्यावर आले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आणि बार्बरा बुश यांनी प्रास्ताविक केलं. शहरांमध्ये क्रॅक कोकेनने, म्हणजे ओढायच्या स्वस्त कोकेनने, थैमान घातलेलं होतं आणि ‘नाही म्हणा’ ही घोषणा दशकभर शाळाशाळांतून घुमत होती. मुलांना ड्रग्जपासून वाचवायचं, या एका ध्येयापोटी इतकी माणसं एकत्र आली, याबद्दल मला आजही आदर वाटतो. हेतू चोख होता, पण मुलांच्या मनाशी त्याची गाठ नीट बसली का? १९९० नंतरच्या संशोधनाने या प्रश्नावर बराच उजेड टाकला आहे.

आधी जमलेल्या गोष्टी. बग्ज बनी मायकलला काळाच्या यंत्रात बसवून मागे नेतो आणि हे सगळं सुरू कसं झालं ते दाखवतो. तिथे कोणी राक्षस भेटत नाही. भेटतात मित्र, आणि ‘एकदा ओढून तर बघ’ म्हणणारी एक सिगारेट. हे शास्त्राच्या कसोटीवर खरं उतरतं. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या पुढचे प्रौढ यांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम दिला. पिवळा सिग्नल लागल्यावर थांबायचं की धोका पत्करून पुढे दामटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एकटं खेळताना तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. समवयस्क शेजारी बसले, की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका घेऊ लागली. प्रौढांवर त्या सोबतीचा परिणाम जाणवला नाही. स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी पुढे मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं, तर मित्र बघताहेत एवढं कळलं तरी किशोरांच्या मेंदूतली बक्षिसाची केंद्रं अधिक चेतत होती. मायकल मूर्ख नाही, तो त्या वयाचा आहे. कार्यक्रमाने त्याला वाईट मुलगा ठरवलं नाही, हे मोठंच.

आता दुबळी बाजू. मायकलला भुलवणारा ‘स्मोक’ हा धुराचा माणूस आहे. त्याला जॉर्ज सी. स्कॉट या दिग्गज नटाचा घोगरा आवाज आहे. तो लक्षात राहतो, अंगावर येतो. शेवटी मायकल त्याला खिडकीबाहेर भिरकावतो आणि तो कचऱ्याच्या गाडीत पडतो. चित्र म्हणून झकास. पण व्यसन असं एका फेकीत जात नाही. ते मेंदूच्या शिकण्याच्या यंत्रणेत मुरतं. ओढ परत येते, माणूस घसरतो, पुन्हा सावरतो. आपल्याकडे ज्यांच्या घरात दारू शिरली आहे त्यांना हे सांगायला नको. भाऊ किंवा वडील सुटले नाहीत, तर ते ‘वाईट’ म्हणून सुटले नाहीत, असं लहान मूल या चित्रावरून ठरवू शकतं.

त्याहून अवघड प्रश्न वयाचा. शनिवारी सकाळी कार्टून बघणारी मुलं बहुतेक पाच-सहा ते दहा-अकरा वर्षांची. गोष्ट मात्र हायस्कूलच्या वयाच्या मुलाची. मायकलचा पलंगाखालचा डबा सापडतो तेव्हा ॲल्विनचा चष्मेवाला भाऊ सायमन त्यातला गांजा ओळखून त्याचं नाव सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला ही ओळख इथे पहिल्यांदाच होत असणार. मोठी मुलं हे करतात, हेही त्याला त्याच मिनिटाला कळतं.

यात काय बिघडलं, असं वाटेल. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातला एक प्रयोग इथे आठवतो. तिथे लाकडाचे दगड झालेले तुकडे पर्यटक खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘आधीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं आहे’ या अर्थाच्या पाटीपाशी ७.९२ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया नेऊ नका’ अशी साधी विनंती असलेल्या पाटीपाशी १.६७ टक्के. चोरीबद्दल हळहळताना पहिली पाटी नकळत सांगून गेली की सगळेच चोरतात.

ड्रग्जविरोधी जाहिरातींनाही हाच दगा झाला असावा. १९९८ ते २००४ या काळात अमेरिकी काँग्रेसने किशोरांसाठीच्या राष्ट्रीय प्रचारमोहिमेवर जवळजवळ एक अब्ज डॉलर मंजूर केले. संशोधक रॉबर्ट हॉर्निक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. गांजाचा वापर घटल्याचं त्यात दिसलं नाही. उलट, जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांचा ‘बाकीची मुलंही ओढतात’ हा समज वाढल्याच्या खुणा सापडल्या. ती मोहीम वेगळी आणि हे कार्टून वेगळं, हे मान्य. पण मुलांच्या कानात शिरणारा छुपा निरोप एकच आहे.

आणि उघड निरोप तरी पोचतो का? आपण इसापनीतीच्या शेवटी ‘तात्पर्य’ वाचत वाढलो, म्हणून गोष्टीतून बोध आपोआप टपकतो अशी आपली समजूत. मेरी-लुईझ मॅरेस आणि एमिली अकोस्टा या संशोधकांनी २००८ मध्ये ती तपासली. बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी ‘क्लिफर्ड’ या कार्टूनचा एक भाग दाखवला. त्यात तीन पायांचा एक कुत्रा येतो, बाकीचे त्याला बिचकतात आणि शेवटी त्याच्याशी मैत्री करतात. बोध असा, की वेगळ्या दिसणाऱ्यांनाही आपलं म्हणावं. गोष्टीतून काय शिकलात असं विचारल्यावर बहुतेक मुलांना तो सांगता आला नाही. कित्येकांच्या मते धडा तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागण्याचाच होता.

म्हणून अॅलन मेन्केन आणि हॉवर्ड ॲशमन या गुणी जोडीने या कार्यक्रमासाठी रचलेलं ‘नाही’ म्हणण्याच्या तऱ्हांचं गाणं ऐकताना मला हुरहूर लागते. चाल उत्तम, पाय ठेका धरतात. पण गाण्यातला नकार हवेत दिलेला आहे. समोर आवडता मित्र उभा असताना, त्याच्या डोळ्यांत बघून नकार द्यायचा तर जीभ अडखळते. गिल्बर्ट बॉटविन या मानसशास्त्रज्ञांनी शाळांसाठी आखलेल्या कार्यक्रमात मुलं हे प्रसंग वर्गात वठवतात, शब्द चुकतात, पुन्हा करून बघतात. त्या पद्धतीचे परिणाम अनेक चाचण्यांत दिसले. नकार हा पोहण्यासारखा आहे, काठावरून बघून येत नाही.

मला या अर्ध्या तासात सगळ्यात मोलाचा वाटतो तो प्रसंग कार्टूनच्या फौजेचा नाहीच. शेवटाकडे कोरी भावाचा तो डबा हातात घेते. भाऊ करतो ते आपणही करून बघावं, असं तिच्या मनात येतं. मायकल ते पाहतो आणि हादरतो. इतका वेळ त्याला आरसे दाखवून झाले, भविष्य दाखवून झालं, झोकांड्या खाणाऱ्या रोलर कोस्टरमधून फिरवून झालं. यातल्या कशाने न झालेलं काम धाकट्या बहिणीच्या हातातला डबा करतो. लहान मूल अनुकरणातून शिकतं, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये बाहुलीच्या प्रयोगातून दाखवलं होतं; मोठ्यांना बाहुली बडवताना पाहिलेली मुलं तसंच करू लागली. इथे ते एकाही वाक्याच्या उपदेशाशिवाय दिसतं.

मॅरेस आणि अकोस्टा यांनी २०१० मध्ये आणखी एक प्रयोग केला. कार्टूनच्या मध्ये थांबून, आता काय चाललंय हे मुलांच्या भाषेत समजावणारे छोटे तुकडे त्यांनी घातले. बोध समजण्यात त्यामुळे फरक पडला. हा कार्यक्रम कधी मुलांबरोबर पाहिलात, तर गाण्यापाशी थांबू नका. कोरीच्या हातात डबा आला की चित्र थांबवा आणि शेजारच्या मुलाला विचारा, “मायकल आत्ताच का घाबरला असेल रे?” मग त्याला हवा तेवढा वेळ द्या.