‘नळी बंद’, पण कुठल्या टोकाला?

लग्नाला चार-पाच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून नळीचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी काढला आणि कागदावर आलं: ‘दोन्ही ट्यूब बंद’. परळी असो की परतूर, लगेच कानावर येतो तो शब्द टेस्ट ट्यूब बेबी. पण ‘दोन्ही ट्यूब बंद’ या तीन शब्दांत दोन निरनिराळे आजार दडलेले असू शकतात आणि त्यांचे उपचार जवळजवळ उलटे आहेत.

बीजकोशाकडून गर्भपिशवीकडे येणारी ही नळी १० ते १२ सेंटिमीटर लांब. पिशवीत शिरते तिथे तिची पोकळी जेमतेम १ मिलिमीटरची. बीजकोशाकडचं टोक मात्र रुंद, झालरीचं. कुठलं टोक बंद आहे ते फिल्मवर दिसतं. कागद फाइलला लागतो आणि फिल्म घरी ट्रंकेत पडते, हीच पहिली चूक.

फिल्मवर पिशवीचा पांढरा त्रिकोण दिसतो, पण वरच्या कोपऱ्यापुढे नळीची रेघच उमटत नाही, तर तो पिशवीकडचा, म्हणजे कॉर्नुअल ब्लॉक. रेघ उमटली, पुढे लांबट वांग्यासारखी फुगत गेली आणि एक्स-रेसाठी सोडलेलं औषध पोटात न सांडता तिथेच साचून राहिलं, तर ती पाण्याने भरलेली नळी, हायड्रोसाल्पिंक्स.

कॉर्नुअल ब्लॉकमध्ये आधी तपासणीवरच संशय घ्यायचा. औषध जोरात ढकललं, बाई दुखण्याने आखडली की नळीचं तोंड आवळतं. कधी चिकट स्रावाचा बारीक बोळा अडकलेला असतो. म्हणून तपासणी पुन्हा करून बघण्यात अर्थ आहे: पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० व्या दिवशी, रक्तस्राव थांबल्यावर, तासभर आधी वेदनाशामक गोळी घेऊन, औषध सावकाश सोडून. दुसऱ्या खेपेला नळी मोकळी निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

तरीही बंदच असेल तर कॅन्युलेशन. बेंबीतून एक दुर्बीण पोटात, खालून दुसरी पिशवीत. नळीच्या तोंडाशी कॅथेटर, म्हणजे बारीक पोकळ नळी टेकवून निळं औषध सोडतात. गेलं नाही तर त्यातून मऊ तार सरकवतात. झालरीतून निळे थेंब पडले की काम झालं. तार अडली तर तिथेच थांबायचं. जोर केला की नळीला भोक पडतं. उघडलेली नळी काही जणींत पुन्हा बंद होते, म्हणून पुढचे ६ ते १२ महिने मुलासाठी प्रयत्न न करता वाया घालवू नयेत.

यात एक अपवाद आहे, टीबीचा, आणि आपल्याकडे तो विसरून चालत नाही. फिल्मवर नळी मण्यांच्या माळेसारखी किंवा ताठ सळईसारखी दिसली तर तार घालण्याच्या फंदात पडू नये. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. नुसत्या पीसीआरच्या, म्हणजे जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीच्या ‘पॉझिटिव्ह’वर मात्र उपचार सुरू करणं चूक. टीबी ठरलाच तर औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत, साधारण ६ महिने. रोग बरा होतो. व्रण पडलेली नळी सहसा उघडत नाही.

आता पाणी भरलेली नळी. इथे तार काही कामाची नाही. वय कमी, नळीची भिंत पातळ, आतल्या घड्या शाबूत असतील तर दुर्बिणीने टोक उघडून पाहता येतं. नळी जाड, खूप फुगलेली असेल तर ती काढून टाकणं किंवा पिशवीजवळ क्लिप लावणं, आणि मग आयव्हीएफ, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबी. नळीतलं पाणी पिशवीत झिरपतं, गर्भ रुजू देत नाही. तशीच ठेवून आयव्हीएफ केलं तर यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. सुईने पाणी काढलं तरी ते पुन्हा भरतं, आणि काढ्याने चिकटलेली झालर सुटत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून हायड्रोसाल्पिंक्स नाहीच, असंही समजू नये.

‘नळी काढायची’ म्हटलं की घरातल्या सासूबाई दचकतात. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं बीडचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, त्यामुळे ही भीती फुकाची नाही. म्हणून संमतीपत्र वाचून घ्या: ‘साल्पिंजेक्टमी’ म्हणजे नळी काढणं, ‘हिस्टरेक्टमी’ म्हणजे पिशवी काढणं. नळी काढल्याने पाळी जात नाही. सर्जनने नळीला अगदी लगटून कापायला हवं, नाहीतर बीजकोशाचा रक्तपुरवठा दुखावतो.

आणि हे सगळं करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी, २ ते ७ दिवसांचा खंड ठेवून. तिथेच मोठा दोष निघाला तर नळी उघडून काय उपयोग? दुसरं मत हवं असेल तर फिल्म घेऊन छत्रपती संभाजीनगरचं घाटी, नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयातला स्त्रीरोग विभाग गाठावा.

उघडलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या नळीतच गर्भ राहण्याचा धोका असतो. पाळी चुकली की लघवीची तपासणी, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी. मध्येच पोटात एका बाजूला दुखून चक्कर आली तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.