फोनला टीव्ही का सापडत नाही? घरगुती वायरलेस प्रसारणाची पार्श्वभूमी

फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर जात नाही म्हटलं की पहिला संशय वाय-फायच्या वेगावर घेतला जातो. वेग क्वचितच दोषी असतो. डीव्हीडीवरच्या चित्राला जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागत, ब्ल्यू-रेला ४०. आजचा साधा राउटरही एका खोलीत एवढं आरामात देतो. अडतं ते दोन ठिकाणी: यंत्रांनी एकमेकांना शोधायचं कसं, आणि शोधल्यावर व्हिडिओ कोणी आणायचा. या दोन प्रश्नांची उत्तरं गेल्या पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळी दिली, आणि ती सगळी आजच्या एकाच टीव्हीत शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी आपण कोणत्या पिढीची पद्धत वापरतो आहोत, हे ओळखावं लागतं.

सुरुवात १९९९ मध्ये यूपीएनपी फोरम या कंपन्यांच्या गटापासून झाली. कोणतीही मांडणी न करता यंत्रांनी एकमेकांना ओळखावं, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी यंत्र नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून हाक मारतं: २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता, १९०० हे पोर्ट. अ‍ॅपलने काही वर्षांतच तशाच कामासाठी एमडीएनएस आणलं; त्याचा पत्ता २२४.०.०.२५१ आणि पोर्ट ५३५३. टीव्हीवर व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतींपैकी अ‍ॅपलचं एअरप्ले आणि गूगलचं आजचं कास्ट दोन्ही या दुसऱ्या हाकेवर चालतात, घरातल्या फाइली टीव्हीवर दाखवणारं जुनं डीएलएनए पहिल्या. तंत्राच्या भाषेत या हाकेला मल्टिकास्ट म्हणतात.

घोळ इथेच सुरू होतो. वाय-फायवर एका यंत्रासाठी पाठवलेल्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, पोच मिळते आणि ते हरवलं तर पुन्हा पाठवलं जातं. राउटरकडून सगळ्यांसाठी जाणाऱ्या हाकेला पोच नाही, आणि ती बहुधा सर्वांत मंद मूळ वेगाने जाते. गर्दीच्या चॅनेलवर अशी हाक हरवली तर कोणालाच पत्ता लागत नाही. टीव्ही यादीत दिसत नाही एवढंच. शिवाय ही हाक एका नेटवर्कपुरतीच असते. इंटरनेट कंपनीच्या राउटरला दुसरा राउटर जोडला आणि दोघेही स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागले, की फोन १९२.१६८.०.x वर आणि टीव्ही १९२.१६८.१.x वर जाऊन बसतो. दोघांवरही इंटरनेट व्यवस्थित चालतं, पण एमडीएनएसची हाक पलीकडे पोहोचत नाही. उपाय: दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणं, म्हणजे तो स्वतः पत्ते वाटत नाही.

म्हणून पहिली तपासणी नेहमी हीच: टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमधून त्याचा आयपी पत्ता घ्या, फोनच्या पत्त्याशी टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे जुळतात का पाहा, मग लॅपटॉपवरून त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे 'आहेस का' अशी छोटी विचारणा पाठवा. उत्तर येतं पण टीव्ही यादीत नाही, तर हाक अडते आहे. उत्तरच नाही, तर राउटरमधलं एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन (यंत्रांना एकमेकांपासून तोडणारी सोय) चालू आहे का, यंत्र गेस्ट नेटवर्कवर आहे का, हे पाहा. गेस्ट नेटवर्क बनवलेलंच असतं पाहुण्यांनी घरातली यंत्रं पाहू नयेत म्हणून. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करून पाहावा.

टीव्ही चालू केल्यावर तीन-चार मिनिटं दिसतो आणि मग गायब होतो, हे लक्षण वेगळं आहे आणि त्याचं कारण बहुधा आयजीएमपी स्नूपिंग असतं. ही सोय असलेला स्विच किंवा राउटर हाका सगळीकडे न पाठवता फक्त नाव नोंदवलेल्या यंत्रांकडे पाठवतो. नोंद जिवंत ठेवण्यासाठी कोणीतरी वेळोवेळी चौकशी करावी लागते. चौकशी करणारंच कोणी नसेल, तर नेहमीच्या मांडणीत २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते. स्नूपिंग बंद करा, किंवा राउटरमधलं आयजीएमपी क्वेरियर, म्हणजे ही चौकशी करणारी सोय, चालू करा. इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा: राउटरमध्ये 'यूपीएनपी' नावाचं जे बटण असतं, ते बाहेरून आत येणारी पोर्ट उघडण्यासाठी असतं. घरातल्या घरात टीव्ही सापडण्याशी त्याचा संबंध नाही. डीएलएनए चालावं म्हणून ते चालू करणं म्हणजे विनाकारण दार उघडं ठेवणं.

डीएलएनए ही संघटना २००३ मध्ये सोनीच्या पुढाकाराने वेगळ्या नावाने सुरू झाली, २००४ मध्ये तिला हे नाव मिळालं. पद्धत सरळ: एका यंत्रावर सर्व्हर, टीव्हीवर यादी, यादीतली फाइल टीव्ही स्वतः ओढून घेतो. या मार्गदर्शक तत्त्वांत व्हिडिओसाठी सक्तीचा प्रकार होता एमपेग-२. बाकीचे ऐच्छिक. लोकांकडच्या फाइली मात्र भलत्याच प्रकारच्या होत्या, आणि 'फाइल दिसते पण चालत नाही' ही तक्रार तिथेच जन्माला आली. चालता चालता फाइल बदलून देणारे, म्हणजे ट्रान्सकोडिंग करणारे सर्व्हर लोकप्रिय झाले ते या पोकळीमुळे. संघटना जानेवारी २०१७ मध्ये विसर्जित झाली, पण पद्धत टीव्हींत राहिली.

या पिढीत दोष जवळजवळ नेहमी फाइलमध्ये असतो. चित्र दिसतं आणि आवाज नाही, तर ध्वनी डीटीएस प्रकारचा आहे का पाहा. बऱ्याच टीव्हींनी तो वगळला आहे. अशा वेळी अख्खा व्हिडिओ नव्याने बनवण्याची गरज नसते. चित्र तसंच ठेवून फक्त ध्वनी ६४० केबीपीएसच्या एसी-३ या प्रकारात बदलला की काम काही मिनिटांत होतं. चित्र एच.२६४ या नेहमीच्या प्रकारात दाबलेलं असूनही टीव्ही नकार देत असेल तर त्याचे रंग १० बिटांचे आहेत का तपासा. टीव्हीच्या चिपमध्ये एच.२६४ सहसा ८ बिटांपुरतंच असतं, आणि इथे मात्र पूर्ण रूपांतराला पर्याय नाही. वेगाचा प्रश्न खरोखर येतो तो फोरके डिस्कच्या प्रतीच्या वेळी. तिचा वेग काही दृश्यांत १०० एमबीपीएसच्या वर जातो आणि पुष्कळ टीव्हींचं नेटवर्क केबलचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. केबल लावूनही अडखळलं तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर घेऊन पाहणं योग्य.

फाइल बाजूला ठेवून पडदाच पाठवण्याची कल्पना पुढे आली. अ‍ॅपलने २००४ मध्ये फक्त आवाज पाठवण्यापासून सुरुवात केली, २०१० मध्ये एअरप्ले आणलं आणि २०११ मध्ये पूर्ण पडद्याचं मिररिंग, म्हणजे फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर. बाकीच्यांसाठी वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने सप्टेंबर २०१२ मध्ये तशाच कामाचं मिराकास्ट जाहीर केलं. त्याच वर्षी ते अँड्रॉइड ४.२ मध्ये आलं, पुढच्या वर्षी विंडोज ८.१ मध्ये.

मिराकास्ट सहसा राउटर वापरतच नाही. वाय-फाय डायरेक्टने फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात. राउटर बदलूनही मिररिंग सुधारत नाही ते यामुळेच. फोन प्रत्येक चित्र एच.२६४ मध्ये दाबून पाठवतो, टीव्ही ते उलगडतो, आणि दोन्हीकडच्या कामामुळे उशीर होतो. त्यात फोन घरच्या वाय-फायवर एका चॅनेलला आणि टीव्हीशी दुसऱ्या चॅनेलला जोडलेला असेल, तर एकच रेडिओ दोन चॅनेलांत ये-जा करतो आणि चित्र तुटतं. दोघांनाही एकाच ५ गिगाहर्ट्झ नेटवर्कवर ठेवा. लॅपटॉप असेल तर त्याचं इंटरनेट केबलवर घ्या. पडदा काळा आणि आवाज मात्र येतो, असं सशुल्क अ‍ॅपमध्ये झालं तर ते चित्रपटाचं संरक्षण आहे, बिघाड नव्हे. अँड्रॉइड ६ पासून गूगलने मूळ प्रणालीतून मिराकास्ट काढलं. काही कंपन्यांनी ते स्वतःच्या नावाने ठेवलं, म्हणून एका फोनवर बटण असतं आणि दुसऱ्यावर नसतं.

२४ जुलै २०१३ ला गूगलचं क्रोमकास्ट, टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावायचं छोटं यंत्र, आलं आणि तिसरं उत्तर रुजलं: फोनने फक्त पत्ता द्यायचा, व्हिडिओ टीव्हीच्या यंत्राने थेट इंटरनेटवरून आणायचा. आमच्या मते ऑनलाइन व्हिडिओसाठी आजही हीच सर्वांत भरवशाची पद्धत आहे. पण मग फोनवर घेतलेल्या वेगचाचणीला अर्थ उरत नाही. सिग्नल मोजायचा तो टीव्हीच्या मागे. पहिलं क्रोमकास्ट फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालायचं आणि टीव्हीच्या धातूच्या पाठीला चिकटलं की सिग्नल खायचं, म्हणून खोक्यात एचडीएमआयचा छोटा जोड दिला जाई. तो वापरावा. वीजही महत्त्वाची: टीव्हीच्या यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरचीच खात्री असते, आणि मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होणारं यंत्र बहुधा उपाशी असतं. सोबतचा अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा.

जानेवारी २०१८ मध्ये उलटंच घडलं: हाका हरवण्याऐवजी फारच जास्त झाल्या. अँड्रॉइड यंत्रं झोपेतून जागी झाली की कास्टची सोय साचलेल्या हाका एकदम सोडू लागली, कधी लाखाच्या वर पॅकेटं, आणि राउटर बंद पडू लागले. गूगलने प्ले सर्व्हिसेसमध्ये दुरुस्ती केली. सप्टेंबर २०२० च्या आयफोनच्या आयओएस १४ पासून स्थानिक नेटवर्क वापरायला प्रत्येक अ‍ॅपला परवानगी लागते. घाईत 'नको' दाबलं की त्या अ‍ॅपला टीव्ही कधीच दिसत नाही. सेटिंग, गोपनीयता आणि सुरक्षा, स्थानिक नेटवर्क, इथे जाऊन ते चालू करावं लागतं.

मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट एकाच वेळी जगभर 'अविश्वसनीय यंत्र' (भरवसा न ठेवण्याजोगं) ठरू लागली. यंत्राची ओळख पटवणारं आतलं दहा वर्षांचं डिजिटल प्रमाणपत्र ९ मार्चला संपलं होतं. नेटवर्कचा त्यात काही दोष नव्हता, आणि ज्यांनी घाईने फॅक्टरी रीसेट केलं त्यांना दुरुस्ती आल्यावरही नव्याने जोडणी करताना त्रास झाला. काल चालणारं यंत्र आज काहीही न बदलता नाकारलं गेलं, तर आधी फोनची तारीख-वेळ तपासा, दुसऱ्या अ‍ॅपने कास्ट करून पाहा, आणि रीसेट सर्वांत शेवटी ठेवा.