मुंबईतील छुप्या पोकर-खोल्या : कौशल्याचा वाद आणि नाल

मुंबईत एखाद्या सदनिकेत चालणाऱ्या पोकरच्या खोलीवर छापा पडला की पंचनाम्यात पत्ते, चिप्स (पैशांच्या जागी लावायच्या चकत्या), मोबाइल आणि रोकड यांची नोंद होते आणि आरोपींचा पहिला बचाव बहुधा एकच असतो : पोकर हा कौशल्याचा खेळ आहे. हा बचाव ज्या कायद्यापुढे मांडला जातो तो १८८७ सालचा आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा वेळोवेळी दुरुस्त झाला, पण त्याचा सांगाडा तोच राहिला. पावसाचे पाणी पन्हळीतून वाहील की नाही यावर लागणारा सट्टा त्याच्या कक्षेत येत नाही असे ठरले, तेव्हा १८९० मध्ये दुरुस्ती करून तोही आत घेतला गेला.

मटक्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. इथे लक्षात घ्यायची ती त्याची रीत. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवरचा आकडा १९६१ मध्ये बंद पडल्यावर चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते आले : तीन, पाच, आठ निघाले की बेरीज सोळा, तिचा शेवटचा अंक सहा, म्हणून ‘ओपन’, म्हणजे पहिला आकडा, सहा. लावणाऱ्याच्या हाती काहीच नव्हते, त्यामुळे कौशल्याचा प्रश्न उद्भवलाच नाही. गिरणगावातील कामगाराला पकडताना कायद्याला कधी अडखळावे लागले नाही.

पत्त्यांच्या क्लबांची गोष्ट वेगळी. कायद्याच्या कलम १३ नुसार निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे आणि ‘निव्वळ’ या एका शब्दावर अनेक दशके वाद चालला आहे. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तीनपत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ असला तरी रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची आहे. क्लबवाल्यांनी हे वाक्य तोंडपाठ केले. त्याच निकालातील पुढचा भाग मात्र फारसा कोणी उद्धृत करत नाही : पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून किंवा अन्य खेळातून जागेचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

आपल्याकडे या नफ्याला जुना शब्द आहे, नाल. पोकरवाले त्यालाच ‘रेक’ म्हणतात. डाव संपतो, पत्ते वाटणारा विजेत्याकडे चिप्सची रास सरकवतो, पण त्याआधी त्यातल्या दोन-चार चिप्स टेबलाच्या कडेच्या फटीत टाकतो. जिंकणाऱ्याला ते जाणवतही नाही. रात्रभरात मात्र कोणाचेही नशीब वा कौशल्य चालो, टेबलावरचा पैसा त्या फटीतून घरमालकाकडे जात राहतो. १८८७ च्या कायद्यातील अड्ड्याची व्याख्याही पत्त्यांसारख्या खेळांबाबत नेमकी याच नफ्यावर बेतलेली आहे. अड्डा चालवणारा कलम ४ मध्ये आणि तिथे सापडलेला खेळाडू कलम ५ मध्ये येतो, ही विभागणीही त्यामुळेच अर्थपूर्ण ठरते.

तरीही चर्चा कौशल्याभोवतीच फिरत राहिली. २०१३ मध्ये कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने पोकरला कौशल्याच्या बाजूने कौल दिला, तर २०१७ मध्ये गुजरातच्या उच्च न्यायालयाने त्याला जुगार ठरवले. महाराष्ट्र या दोहोंच्या मधे. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण आणि कर यांसाठी कायदा केला, परंतु तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. त्याच १९७६ साली गोव्याने आपला जुगारविरोधी कायदा केला आणि १९९२ व १९९६ च्या दुरुस्त्यांनी आधी पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना व नंतर जहाजांवरील कॅसिनोंना वाट मोकळी केली. मुंबईच्या खेळाडूला परवानगीचे टेबल हवे असेल, तर पणजीची मांडवी नदी आणि तिच्यातली ती जहाजे गाठावी लागतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. सदनिकेतल्या टेबलाला मात्र तो लागू होत नाही. तिथे १८८७ चाच कायदा आहे, आणि छाप्यात सापडलेल्या चिप्सपेक्षा त्या फटीखालच्या डब्यात काय जमले व ते कोणाचे, हे पोलिसांना न्यायालयापुढे मांडावे लागेल.