चेंबरचा नट न सोडता ऑइल बदलताना

किनाऱ्यावर आठ-दहा पावसाळे काढलेल्या गाडीच्या खाली एकदा बॅटरी मारून पाहावे. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे जे चेंबर असते, त्याच्या कडेने गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसतात आणि निचऱ्याच्या नटाचे सहा कोपरे झिजून तो जवळजवळ गोल झालेला असतो. माझ्या गाडीचा हा नट एका गॅरेजमध्ये पान्याला लांब पाइप लावून इतका आवळला गेला होता, की पुढच्या खेपेस तो आट्यांसकट बाहेर आला आणि ऑइलबरोबर चेंबरही बदलावे लागले. त्यानंतर मी ऑइल वरून, डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या, नळीतून काढू लागलो.

सगळा दोष पान्याचा नव्हता. खाऱ्या वाऱ्यातील मिठाचे कण हवेतला ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे धातूवर पाण्याचा पातळ थर उन्हातही लवकर सुकत नाही. चेंबर ॲल्युमिनियमचे आणि नट पोलादी असेल, तर त्या खारट थरामुळे दोहोंमध्ये एक लहानसा विद्युतघट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

वरून ऑइल काढणे हा आळशी माणसाचा उपाय आहे, असे अनेकांना वाटते. बंदरावरच्या माणसाला मात्र त्यात नवल वाटणार नाही, कारण नौकेच्या पोटात बसवलेल्या इंजिनाखाली हात घालायला बहुधा जागाच नसते आणि तिथे सांडलेले ऑइल नौकेच्या तळाशी साचते. म्हणून पंपाने वरून ऑइल ओढणे ही नौकांवरची रूढ पद्धत आहे. युरोपात १९९८ साली आलेल्या स्मार्ट या दोन आसनी गाडीच्या चेंबरला तर निचऱ्याचा नटच नव्हता.

‘ओढणे’ हा शब्द सोयीचा असला तरी शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे. शहाळ्यातली नळी तोंडात धरून आपण आतली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. ऑइलचा हातपंप तेच करतो. या ढकलण्यालाही मर्यादा आहे. वातावरणाचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. टोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४३ साली पाण्याऐवजी पारा वापरून ही उंची ७६ सेंटीमीटरवर आणून दाखवली. आपल्याकडच्या जांभ्यातल्या खोल विहिरींत पाणी खाली गेले की पंपही खाली उतरवावा लागतो, तो याच कारणाने. ऑइल पाण्यापेक्षा हलके असते आणि डिपस्टिकच्या तोंडापासून चेंबरच्या तळापर्यंतचे अंतर जेमतेम पाऊण मीटर धरले, तर तेवढी उंची चढवायला वातावरणाच्या दाबाचा ६ ते ७ टक्के भाग पुरतो. मग हात दुखेपर्यंत पंप का मारावा लागतो?

कारण खरा अडथळा उंचीचा नसून ऑइलच्या दाटपणाचा आहे. केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते याचा विचार करणाऱ्या प्वाझेय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात बारीक काचनळ्यांवर प्रयोग केले आणि प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, असे दाखवले. म्हणजे आतून ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजी ६ मिलिमीटरची नळी बसत असेल, तर बाकी सारे तेच ठेवून ऑइल पाचपट वेगाने येते. दाटपणाचे गणित उलट चालते. १५डब्ल्यू-४० प्रतीच्या ऑइलची श्यानता, म्हणजे दाटपणा, ४० अंश सेल्सिअसला साधारण ११० सेंटीस्टोक (श्यानतेचे एकक) असते, ती १०० अंशांना १४-१५ वर येते. म्हणून गाडी एक फेरी मारून आणावी, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरायला दहा मिनिटे द्यावीत आणि मगच नळी घालावी. उकळते ऑइल मात्र नको. त्याने स्वस्त प्लास्टिकची नळी मऊ पडते आणि हातही भाजतो.

नळी तळाला टेकल्याचे बोटांना कळते. ती टेकली की किंचित वर घ्यावी, नाहीतर तिचे तोंड पत्र्याला चिकटून बंद होते. १५-२० वेळा दांडा मारला की पंपाच्या डब्यात पोकळी तयार होते आणि काळी धार आपोआप येऊ लागते. शेवटी शहाळे संपताना येतो तसा घरघर आवाज येतो. त्या वेळी नळी थोडी फिरवून, पुढे-मागे करून पाहावे. प्रत्येक वेळी आणखी थोडे ऑइल निघते.

तळाचा गाळ आतच राहतो, हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो अर्धाच खरा आहे. आजच्या ऑइलमध्ये काजळीचे कण तरंगते ठेवणारी रसायने असतात, त्यामुळे नुकत्याच चाललेल्या गरम इंजिनातली बरीचशी घाण ऑइलबरोबरच बाहेर पडते. तळाला घट्ट बसलेला थर नट सोडूनही सहसा वाहून येत नाही. मात्र नळी सर्वांत खोल जागी पोहोचली नाही, तर बरेच जुने ऑइल मागे राहू शकते. म्हणून निघालेले ऑइल मापून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय मी नवे ओतत नाही. फिल्टर बदलणे चुकत नाहीच, आणि पुष्कळ गाड्यांत त्यासाठी शेवटी खाली शिरावेच लागते. काही महागड्या गाड्यांना डिपस्टिकच नसते, तिथे हा मार्ग खुंटतो.

मच्छीमारांसाठी वेळेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. १ जूनला पावसाळी बंदी लागते आणि नौका शाकारल्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवल्या, जातात. ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा वापरलेल्या ऑइलमध्ये साठलेले असतात, आणि ते तसेच ठेवले तर बेअरिंगे दोन महिने त्यात बसून राहतात. त्यामुळे ऑइल हंगामाच्या सुरुवातीला बदलण्यापेक्षा नौका शाकारण्यापूर्वी बदललेले चांगले.

निघालेले जळके ऑइल कुंपणाच्या खांबांना किंवा होडीच्या लाकडाला फासण्याची सवय मला पटत नाही. त्यात जड धातू आणि कर्करोगकारक संयुगे असतात. जांभा सच्छिद्र असल्याने अंगणात सांडलेले ऑइल पावसाबरोबर विहिरीकडे जाऊ शकते. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते, तेव्हा ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्येच द्यावे.

नवे ऑइल ओतल्यावर इंजिन मिनिटभर चालवून थांबावे आणि मग पट्टी पाहावी. ती सावलीत पाहिलेली बरी, कारण नवे ऑइल इतके स्वच्छ असते की उन्हात त्याची रेघ दिसत नाही. डिझेलच्या गाडीत तेच ऑइल थोड्याच दिवसांत काळे दिसू लागते. आत उरलेला जुना अंश आणि नवी काजळी यांचा तो रंग आहे, त्यावरून ऑइल बदलायचे राहिले असे समजू नये.