फ्लास्कवरचं नाव आणि आतल्या पेशी

तळाला चिकटून पसरलेल्या पेशी, वर गुलाबी मीडियम, आणि बाहेरून मार्करने लिहिलेलं नाव, तारीख, पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो आकडा). सेल लाइन, म्हणजे एकाच मूळ नमुन्यातून लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, कोणती हे ओळखायला संशोधकाकडे बऱ्याचदा एवढंच असतं. नुसतं मायक्रोस्कोपमधून पाहून दोन लाइन वेगळ्या सांगणं अवघड. हुडखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, एकच पिपेट चुकून दोन फ्लास्कमध्ये गेली, तर जोमाने वाढणाऱ्या पेशी काही आठवड्यांत मूळ पेशींची जागा घेतात. फ्लास्कवरचं नाव तेच राहतं.

यात सर्वांत जोमदार हेला. 1951 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या आफ्रिकी वंशाच्या रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या या पेशी जगभर गेल्या. 1966 मध्ये अनुवंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी एका परिषदेत दाखवलं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक लाइनमध्ये एका एन्झाइमचा एकच प्रकार सापडतो, आणि तोही मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या माणसांत आढळणारा. म्हणजे त्या साऱ्या हेलाच. श्रोत्यांना हे रुचलं नाही. कित्येकांची वर्षांची मेहनत त्या पेशींवर उभी होती. पुढे कॅलिफोर्नियात वॉल्टर नेल्सन-रीस यांनी गुणसूत्रांवरचे पट्टे तपासून बाधित लाइनच्या याद्या उघड छापल्या आणि बराच रोष ओढवून घेतला. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं काम तेच.

सप्टेंबर 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला ॲलेक जेफ्रीज यांना एक्स-रे फिल्मवर डीएनएचे पट्टे दिसले आणि माणसागणिक वेगळा ठसा हाती आला. हाच ठसा सेल लाइनलाही लावला गेला. अडचण तुलनेची होती: एका लॅबची फिल्म दुसऱ्या लॅबच्या फिल्मशी नेमकी जुळवणं कठीण. एसटीआर पद्धतीने ती सोडवली. डीएनएवरच्या ठरावीक जागी छोटा तुकडा किती वेळा आला, ते मोजायचं. हेलाचा टीपॉक्स या जागेचा आकडा 8 आणि 12. आकडे कुठूनही कुठेही पाठवून ताडता येतात. 2001 मध्ये जॉन मास्टर्स आणि सहकाऱ्यांनी हेच आंतरराष्ट्रीय प्रमाण असावं, असं मांडलं.

ईसीव्ही304 ची गोष्ट मला सतावते. 1990 मध्ये जपानमधून आलेली ही लाइन नाळेच्या रक्तवाहिनीच्या अस्तराची समजली गेली आणि रक्तवाहिन्यांच्या अभ्यासात भरपूर वापरली गेली. 1999 मध्ये जर्मन सेल बँकेतल्या डीएनए तपासणीत ती टी24, म्हणजे मूत्राशयाच्या कर्करोगाची लाइन निघाली. त्यानंतरही ती जुन्या ओळखीनेच वापरणारे शोधनिबंध येत राहिले.

2011 मध्ये अमेरिकेत एसटीआर तपासणीचं लेखी मानक ठरलं. 2012 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चुकीच्या ओळखीच्या लाइनच्या यादीत आज पाचशेहून अधिक नावं आहेत. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र देशभरच्या लॅबना सेल लाइन पुरवतं. पण तिथून आणलेली लाइनही आपल्या हुडखाली मिसळू शकते. म्हणून गोठवण्याआधी आणि शोधनिबंध पाठवण्याआधी ठसा पुन्हा काढायचा असतो.